लव्हली चौबे आणि त्यांच्या तीन सहकारिणी : हिरवळीवरील एक सुवर्णयात्रा
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील महिला सत्रात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून सभागृहातील अनेकांच्या कपाळावर आठी उमटली असेल, आणि ते स्वाभाविकच आहे. लॉन बोल्स हा खेळ नंदुरबारच्या कोणत्याही मैदानावर कोणी पाहिलेला नाही. शहादा, तळोदा, नवापूर येथे कबड्डी-खो-खोचे सामने रंगतात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील मुले अनवाणी पायांनी मैलोन् मैल धावतात, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहेच. परंतु गुळगुळीत हिरवळीवर एक जड गोळा हळुवार सोडून द्यावयाचा आणि तो कोठे जाऊन थांबतो हे श्वास रोखून पाहत राहावयाचे, याला खेळ म्हणावे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. 2 ऑगस्ट 2022 पर्यंत साऱ्या भारतालाच तो प्रश्न पडत होता. त्या दिवशी इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा या गावी चार भारतीय महिलांनी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेले ते चौथे सुवर्ण होते आणि लॉन बोल्समधील भारताचे आजवरचे पहिले पदक.

या चौघींपैकी लव्हली चौबे यांचा प्रवास आज मुख्यत्वे पाहावयाचा आहे. इतर तिघींना वगळून तो सांगता येत नाही, कारण हा खेळच चौघींनी मिळून खेळावयाचा होता.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे भाग आहे. लहानपणी गोट्या खेळताना आधी टाकलेल्या गोटीच्या जितके जवळ जावे तितके चांगले, हा नियम येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. लॉन बोल्सचे मूळ तत्त्व तेच. एक लहानसा चेंडू, ज्याला ‘जॅक’ म्हणतात, तो हिरवळीवर दूर सरपटत सोडला जातो. त्यानंतर दोन्ही पक्षांचे खेळाडू आळीपाळीने आपापले मोठे गोळे त्याच्या दिशेने सोडतात. हे गोळे सुमारे दीड किलो वजनाचे असतात. साधारण तीस-पस्तीस मीटर अंतरावरील त्या इवल्या जॅकजवळ जाऊन निवांत थांबणे, एवढेच त्यांचे काम. एका पक्षाचे जेवढे गोळे प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या गोळ्याहूनही जॅकच्या निकट असतील, तेवढे गुण त्या पक्षाला. अशा एका डावाला ‘एन्ड’ म्हणतात. चौघांच्या सामन्यात असे पंधरा डाव होतात आणि प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावात दोन गोळे मिळतात.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु यातील मेख अशी, की हा गोळा सरळ जातच नाही. त्याची घडण जाणूनबुजून एका बाजूस किंचित निराळी ठेवलेली असते. त्यामुळे वेग मंदावू लागला की तो त्या बाजूस वळू लागतो, आणि जितका मंद होईल तितका अधिक वळतो. म्हणून खेळाडूने जॅककडे पाहून नेम धरला तर तो हमखास चुकतो. जेथे जावयाचे आहे त्याच्या बरेच बाजूला पाहून गोळा सोडावा लागतो, आणि त्याचा वेग हातातून सुटण्यापूर्वीच मोजलेला असावा लागतो. गवत ओले आहे की कोरडे, वारा कोणत्या अंगाने वाहतो, सकाळपासून त्याच पट्टीवर किती सामने झाले, या सर्वांवर गोळ्याची वाट बदलते. दोन गोळ्यांतील फरक कित्येकदा बोटभरही नसतो आणि मग मापपट्टी काढून, गुडघ्यावर बसून निर्णय करावा लागतो. ज्यांचे आयुष्य काट्यासमोर, गुंजा-मासे मोजण्यात गेले त्या येथील सराफ मंडळींना ही सूक्ष्मता उलगडून सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमध्ये हा खेळ अतिशय जुना आहे. साउदॅम्प्टन येथील हिरवळीची परंपरा 1299 सालापर्यंत मागे नेली जाते. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, 1541 साली, सामान्य कष्टकऱ्यांनी नाताळखेरीज हा खेळ खेळू नये असा कायदाच झाला होता आणि तो रद्द होण्यास 1845 साल उजाडावे लागले. श्रमिकांना खेळण्याची मुभा वर्षातून एकदाच, हे वाचताना आज हसू येते. 1930 साली राष्ट्रकुल स्पर्धा सुरू झाल्या तेव्हापासून 1966 चा एकच अपवाद वगळता लॉन बोल्स त्यांत कायम राहिला. महिलांसाठी मात्र त्याची दारे उघडली ती 1982 साली, ब्रिस्बेन येथे. म्हणजे पुरुष खेळू लागल्यानंतर अर्ध्या शतकाने!

भारतात या खेळाला खरी चालना मिळाली ती 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने. यजमान देश सर्व खेळांत उतरावा म्हणून खेळाडूंचा शोध सुरू झाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडासंकुलात खास हिरवळ तयार झाली. रांचीनजीक नामकुम येथे 2011 च्या चौतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी दुसरी झाली. प्रश्न खेळाडूंचा होता. आपल्याकडे बालपणापासून लॉन बोल्स खेळणारे कोण असणार? मग जे मिळाले ते सारे दुसऱ्या खेळांतून आले, आणि बरेचसे मोडून आले.

‘मोडून’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. लव्हली चौबे या रांचीच्या. तरुणपणी त्या धावपटू होत्या, शंभर मीटर हे त्यांचे अंतर. धावपटूचे आयुष्य मुळातच तोकडे, त्यात लव्हलींच्या कमरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि धावणे संपले. ज्या वयात इतर मुलींना पुढील स्पर्धेची स्वप्ने पडतात त्या वयात त्यांच्यासमोर रिकामे मैदान होते. क्रिकेटचे पंच म्हणून काम केलेले मधुकांत पाठक यांनी त्यांना या अपरिचित खेळाकडे वळविले. धावण्यात शरीराचा सारा आवेग दहा-बारा सेकंदांत ओतावयाचा असतो आणि येथे तर आवेग आवरण्यालाच महत्त्व! एका धावपटूला हे पचविणे किती कठीण गेले असेल याची कल्पनाच केलेली बरी. 2008 साली राष्ट्रीय पातळीवरील एका स्पर्धेत त्यांना सत्तर हजार रुपयांचे बक्षीस मिळाले आणि या खेळात राहण्याचा विचार पक्का झाला. पैशाचा असा उल्लेख काहींना खटकेल. परंतु सामान्य कुटुंबातील मुलीला घरी परतल्यावर ‘यातून मिळणार काय?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर नुसत्या चषकाने देता येत नाही हे व्यवहार जाणणाऱ्या समाजाला पटावे. पुढे झारखंड पोलीस दलात शिपाई म्हणून त्यांनी नोकरी केली आणि नोकरी सांभाळून खेळत राहिल्या.

दुसऱ्या खेळाडू पिंकी. त्या दिल्लीच्या, मूळच्या क्रिकेटपटू, आणि रामकृष्णपुरम येथील दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. 2010 च्या स्पर्धेच्या वेळी त्यांच्याच शाळेच्या आवारात लॉन बोल्सच्या सरावाची सोय झाली होती. शाळेच्या अंगणात परदेशी पाहुणे काय खेळत आहेत हे पाहता पाहता बाई स्वतःच त्या खेळाच्या झाल्या. नयनमोनी सैकिया आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील. त्या भारोत्तोलन करीत असत. पायाच्या दुखापतीने वजने खाली ठेवावी लागली आणि हातात हा गोळा आला. पुढे विवाह झाला, कन्यारत्न झाले, आणि खेळ सुरूच राहिला. चौथ्या रूपा रानी तिर्की या झारखंडच्या आदिवासी समाजातील, पूर्वाश्रमीच्या कबड्डीपटू, पुढे तेथील क्रीडा विभागात अधिकारी. ज्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा बांधवांची वस्ती बहुसंख्येने आहे त्या आपल्या नंदुरबारमध्ये त्यांचे नाव शाळाशाळांतून घेतले जावयास हवे होते. ते तसे घेतले गेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

धावणे, क्रिकेट, भारोत्तोलन, कबड्डी. चार निरनिराळ्या खेळांतून निघालेल्या या चार वाटा एका हिरवळीवर येऊन मिळाल्या. यांतील कोणीही षोडशवर्षीय विक्रमवीर नव्हती. बर्मिंगहॅमला गेल्या तेव्हा लव्हली आणि पिंकी चाळिशी ओलांडून गेलेल्या होत्या. आपल्याकडे या वयाच्या स्त्रीने सकाळी बागेत फेरफटका मारला तरी कौतुक होते. मुलींनी शाळेत कितीही चषक मिळविले तरी विवाहाच्या बोलणीत ते ‘आवड होती लहानपणी’ या तीन शब्दांत गुंडाळले जातात आणि मग चषक फडताळाच्या वरच्या कप्प्यात जातात. येथे बसलेल्या कित्येक भगिनींच्या घरी असे चषक असतील. म्हणूनच हा प्रवास या सत्रासाठी निवडला गेला.

यश सहज मिळाले असते तर सांगण्यासारखे फारसे नव्हते. दिल्ली 2010, ग्लासगो 2014, गोल्ड कोस्ट 2018 अशा तीन राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि लॉन बोल्सचा भारतीय संघ तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. पदक नाही म्हणून प्रसिद्धी नाही, प्रसिद्धी नाही म्हणून प्रायोजक नाही, आणि पैसा नाही म्हणून परदेशी सराव नाही, असे हे चक्र होते. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे बॅडमिंटनपटूला किंवा नेमबाजाला जी दुसरी संधी असते तीही येथे नाही. राष्ट्रकुल स्पर्धा चार वर्षांतून एकदा येते. ती हुकली की पुन्हा चार वर्षे. तीनदा पदरी निराशा घेतलेल्या खेळात, चाळिशीच्या उंबरठ्यावर, चौथ्या वेळेसाठी उमेद टिकविणे म्हणजे काय, हे धंद्यात तीन वर्षे खोट खाल्लेला मनुष्य जाणतो. नोकरीतून रजा मागावयाची तीही अशा खेळासाठी, की रजा देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसावे!

बर्मिंगहॅम स्पर्धेचे लॉन बोल्सचे सामने जवळच्या लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्कमध्ये झाले. इंग्लंडमधील महिलांच्या बोल्सचे हे जुने माहेरघर आहे. भारताच्या चौघींची सुरुवात चांगली झाली नाही. सलामीलाच यजमान इंग्लंडकडून पराभव पत्करावा लागला. तरी त्यातून सावरून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तेथे नॉरफोक बेटाच्या संघाला त्याने नमविले. पॅसिफिक महासागरातील हे बेट जेमतेम दोन हजार वस्तीचे, म्हणजे आपल्याकडील एखाद्या गावाएवढे. एवढ्याशा गावात लॉन बोल्सचा राष्ट्रीय संघ आहे, ही गोष्टही मनात ठेवण्याजोगी आहे.

1 ऑगस्ट रोजी उपांत्य सामना होता तो न्यूझीलंडशी. राष्ट्रकुल स्पर्धांत या खेळात चाळीसच्या आसपास पदके मिळविलेला हा देश, आणि समोर एकही पदक नसलेला भारत. पहिल्या दोन डावांतच धावफलक पाच-शून्य असा भारताच्या विरुद्ध गेला. येथे चौघींची कामे कशी विभागलेली असतात ते सांगितले पाहिजे. पहिली खेळाडू ‘लीड’. तिने जॅक हव्या त्या अंतरावर सोडावयाचा आणि आपले दोन गोळे त्याच्या निकट नेऊन ठेवावयाचे. हे काम लव्हली चौबे यांचे. घराचा पाया जसा दिसत नाही तशी लीडही प्रेक्षकांच्या नजरेत भरत नाही. तिचा गोळा उत्तम पडला तरी पुढे आणखी चौदा गोळे यावयाचे असतात आणि शेवटच्या गोळ्याचीच टाळी होते. दुसऱ्या क्रमांकावर पिंकी, तिसऱ्यावर नयनमोनी, आणि अखेरची ‘स्किप’, म्हणजे कर्णधाराच्या जागी, रूपा रानी. स्किप पलीकडच्या टोकाला जॅकजवळ उभी राहून हातांच्या खुणांनी सहकाऱ्यांना वाट दाखविते आणि सर्वांचे झाल्यावर स्वतः गोळा सोडावयास येते. तोपर्यंत जे बिघडले असेल ते निस्तरण्याची जबाबदारी तिची.

पाच गुणांची पिछाडी हळूहळू भरून निघाली. नवव्या डावाअखेर सात-सात अशी बरोबरी झाली. पुढच्याच डावात भारत तीन गुणांनी पुढे गेला. पण न्यूझीलंडने पुन्हा गाठले. चौदा डाव संपले तेव्हा न्यूझीलंड तेरा, भारत बारा. एकच डाव शिल्लक. दहा-बारा वर्षांची तपश्चर्या सोळा गोळ्यांच्या एका डावावर येऊन ठेपली होती. त्या डावात रूपा रानींच्या गोळ्याने काम फत्ते केले. भारताला एकदम चार गुण मिळाले आणि सामना 16-13 असा संपला. आता निदान रौप्यपदक निश्चित होते. ज्या खेळात आजवर काहीच मिळाले नव्हते त्यात एका दुपारी एवढे मिळाले, की त्याच रात्री कोणी समाधान मानले असते तरी त्यांना दोष देता आला नसता.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी झाला. या वेळी भारताने आरंभीच आघाडी घेतली. सात डावांनंतर गुणसंख्या 8-2 होती. परंतु हा खेळ निर्धास्त राहू देत नाही. पुढील तीन डावांत दक्षिण आफ्रिकेने सहा गुण मिळवून 8-8 अशी बरोबरी साधली आणि अकराव्या डावात 10-8 अशी आघाडीही घेतली. हातात आलेले निसटते आहे ही जाणीव मागून येण्यापेक्षाही अधिक घातक असते. मनुष्य अशा वेळी घाई करतो, जोर लावतो; आणि या खेळात जोर लावला की गोळा जॅक ओलांडून पलीकडच्या चरात पडतो. चौघींनी जोर लावला नाही. उरलेल्या चार डावांत दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही, भारताने नऊ मिळविले. अंतिम गुणसंख्या 17-10. अश्रू, मिठ्या, तिरंगा. त्या सायंकाळची चित्रे अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असतील. दुसऱ्याच दिवशी लव्हली चौबे यांचा वाढदिवस होता.

त्याच स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या सांगलीच्या संकेत सरगरने भारोत्तोलनात रौप्यपदक मिळवून भारताचे खाते उघडले होते, आणि बीड जिल्ह्यातील अविनाश साबळेने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य जिंकले. या दोघांचे कौतुक आपण केले, ते योग्यच होते. चारच दिवसांनी, 6 ऑगस्टला, लॉन बोल्समध्ये भारताच्या पुरुष चौकडीनेही अंतिम सामना गाठला. तो त्यांनी उत्तर आयर्लंडकडून गमावला, तरी रौप्य मिळाले. भगिनींनी वाट काढून दिली आणि बंधू मागून आले, असा क्रम आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळतो.

पुढे नयनमोनी सैकिया यांना 2022 चा आणि पिंकी यांना 2023 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एके काळी वर्गातल्या मुलांना ज्या खेळाचे नाव दोनदा सांगावे लागत असे, त्या खेळासाठी शाळेतल्या बाई राष्ट्रपती भवनात गेल्या.

बर्मिंगहॅममधील आणखी एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी दृष्टिबाधित खेळाडूंच्या लॉन बोल्स सामन्यात स्कॉटलंडच्या संघाला सुवर्ण मिळाले. त्या संघात अंध खेळाडूला दिशा सांगणारे साहाय्यक म्हणून जॉर्ज मिलर होते, वय पंचाहत्तर. दोनच दिवस आधी स्कॉटलंडच्याच रोझमेरी लेंटन यांनी बहात्तराव्या वर्षी दिव्यांग महिलांच्या दुहेरीत सुवर्ण मिळविले होते. सभागृहातील ज्येष्ठ मंडळींनी याची नोंद घ्यावी. मैदानावर जावयाचे ते नातवंडांना सोडावयास, असा नियम कोठे लिहिलेला नाही.

हा खेळ आपल्याकडे येईल काय, असा प्रश्न श्रोत्यांतून येईल हे गृहीत धरून थोडे सांगतो असे कोणी म्हणू शकेल. तथापि खरी अडचण हिरवळीची आहे. चाळीस मीटर लांबीची संपूर्ण सपाट, दाट, सतत छाटलेली हिरवळ राखणे खर्चाचे काम आहे, आणि तापीकाठच्या उन्हाळ्यात तर फारच. परंतु अलीकडे हा खेळ घरातील गालिच्यासारख्या पृष्ठभागावरही खेळला जातो. 2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेचा कार्यक्रम अवघ्या दहा खेळांवर आणला गेला. हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, नेमबाजी, क्रिकेट यांना त्यातून वगळण्यात आले, पण बोल्स राहिला, आणि तो छताखाली खेळविण्याचे ठरले. ज्याला आपण कोणी ओळखत नव्हतो तोच टिकला.

त्यानंतरची, 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. 1930 साली सुरू झालेल्या या स्पर्धांचे ते शताब्दी वर्ष, आणि तेथे निश्चित झालेल्या पहिल्या काही खेळांत बोल्स आहे. नंदुरबारहून सुरतेची गाडी धरावी, सुरतेला बदलावी, की अहमदाबाद. व्यापाराच्या निमित्ताने ही वाट येथील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या तुडविली आहे. लव्हली चौबे त्या वर्षी पन्नाशीच्या असतील. या खेळात वयाची अट नाही.